मालेव्हेंतुम नावाची खाणावळ

९ जानेवारी, बुधवार

दाढीच्या साबणाचा विक्रेता दर जानेवारीला दुकानात एक डायरी ठेवून जातो. आजवर मी तिच्यात 'शनिवारी नोटरीसाहेबांची कटिंग' यापलीकडे काही लिहिलं नाही. यंदा लिहिणार आहे. कारण आज जेवताना मेनाने बजावलं, "पेल्लेग्रिनो, या विषयावर या घरात आता एक शब्दसुद्धा नको." बायकोने माणसाचं तोंड बंद केलं की त्याने लेखणी चालवावी.

विषय असा. आमची लिबेरा उत्तरेत, बेर्गामोला, लोकांच्या स्वयंपाकघरांत नऊ वर्षं राबली आणि ऑक्टोबरात घरी परतली. ती होती ते हॉटेल बंद पडलं. जान्लुकाशी तिचं ठरलं होतं, तोही त्याच सुमाराला दुसरीकडे वळला. त्याबद्दल ती बोलत नाही, मी विचारत नाही. आता त्रिज्जो या जुन्या वस्तीत, रोमन नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत तिने गाळा घेतलाय. छोटी खाणावळ काढणार आहे. इथवर सगळं छान. भिंतींना चुना मारायला मी स्वतः गेलो होतो.

आज सूप वाढता वाढता म्हणाली, "पपा, नाव ठरलं. मालेव्हेंतुम."

माझ्या घशात घास अडकला. मेनाने पाठीत गुद्दे घातले. श्वास परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे, अशा वेळी अपशकुन टळावा म्हणून आमच्याकडचा पुरुष टेबलाखाली जिथे हात लावतो तिथे लावला.

"पपा!"

"सवय आहे गं."

आमच्या बेनेव्हेंतो गावातल्या शेंबड्या पोरालाही ही गोष्ट पाठ असते. रोमन इथे आले, गावाचं नाव काय म्हणून विचारलं, लोक म्हणाले मालेव्हेंतुम. रोमनांच्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'वाईट आलं'. मग रोमनांनी काय केलं? नावच बदललं. बेनेव्हेंतुम, 'चांगलं आलं'. तेव्हापासून गाव सुखात आहे. म्हणजे भूकंप, बॉम्ब आणि फुटबॉल सोडून. जे नाव जगज्जेत्यांना पेलवलं नाही, ते माझी पोरगी दारावर टांगणार!

मी म्हटलं, "'लिबेराची खाणावळ' ठेव. 'चांगलं आलं' ठेव. 'नाव नसलेली खाणावळ' ठेव."

ती हसली आणि माझ्या ताटात आणखी सूप ओतलं.

१२ जानेवारी, शनिवार

आज मन मोकळं केलं. फक्त पोम्पेओपाशी. पोम्पेओ म्हणजे आमचा निवृत्त बसकंडक्टर. दाढी आठवड्यातून एकदा करतो, बाकीचे दिवस नुसता बसतो. त्याच्या गालाला साबण लावता लावता मी सगळं सांगितलं. "हे तुझ्यापाशीच ठेव" असंही वरचेवर बजावलं. जरा मोठ्याने बजावावं लागलं, कारण त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

दुकानात आणखी चौघे होते, पण ते पेपर वाचत होते.

२२ जानेवारी, मंगळवार

सुरुवात झाली. खाणावळ अजून उघडलीही नाही आणि स्वयंपाकघरातला पाइप फुटला. गुडघाभर पाणी, असं लिबेरा म्हणते. मेना म्हणते घोट्यापर्यंत.

निकान्द्रो नावाचा नळवाला आला होता. तिशी ओलांडलेला, खांदे बैलासारखे, बोलायला लाजतो. दुपारपर्यंत दुरुस्त करून गेला. पैशांचं विचारलं तर म्हणे, नंतर बघू.

मी मेनाला म्हटलं, "हा पहिला इशारा."

ती म्हणाली, "तो पाइप माझ्या आजीच्या वयाचा आहे. विषय बंद."

२ फेब्रुवारी, शनिवार

आज मेणबत्त्यांच्या सणाला उद्घाटन झालं. पाटी वर गेली. निळ्या फळीवर पांढरी अक्षरं. अक्षरं सुंदर आहेत, मी नाकारत नाही. फाशीचा दोरही रेशमाचा असू शकतो.

मी बाहेरच उभा राहिलो. येणाऱ्यांचं स्वागत कुणीतरी करायलाच हवं. शिवाय त्या पाटीखालून जायचं म्हणजे माझा रक्तदाब. आमच्याकडे न्हाव्याला मानाने मास्त्रो म्हणतात. येईल तो विचारी, "काय मास्त्रो, आत नाही चाललात?" मी म्हणे, "नंतर, नंतर, तुम्ही व्हा पुढे." काही जण पुढे झाले. काही जणांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना घरी काहीतरी काम आठवलं.

लिबेराने मला बाहेरच ताटली आणून दिली. हाताने वळलेला चेकातेल्ली पास्ता, वर रानभाजी आणि सॉसेज. पायरीवर बसून खाल्ली. पोरीच्या हाताला काय चव आहे! बेर्गामोवाल्यांनी नऊ वर्षं फुकट खाल्लं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

पाइप पुन्हा गळला. उद्घाटनापासून ही तिसरी खेप. निकान्द्रो येतो, सिंकखाली तासभर आडवा पडतो, पाइप ठीक होतो आणि चार दिवसांनी पुन्हा गळतो. इतका वाईट नळवाला मी जन्मात पाहिला नाही. आज तर हद्द झाली. काम संपल्यावर त्याने खिशातून चॉकलेटचा डबा काढून कट्ट्यावर ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. वाईट कामाची भरपाई असावी. निदान लाज तरी आहे.

हे सगळं मी खिडकीतून पाहिलं. आत अजून गेलेलो नाही.

गिऱ्हाईक म्हणाल तर दुपारी दोन परके ट्रकवाले आणि एक जर्मन जोडपं. त्यांना पाटीचा अर्थ माहीत नव्हता. आपल्या गावचं कुणी नाही. कोण पसरवतंय हे सगळं, देव जाणे. मी पोम्पेओला विचारलं, तो म्हणाला, "मी तर फक्त बारमध्ये बोललो."

संध्याकाळी लिबेरा भाजी आणायला गेली तेव्हा मागच्या दाराने जाऊन मी माझं काम केलं. उंबऱ्यावर पायपुसण्याखाली जाडं मीठ, भरपूर. दाराआड उलटा झाडू. आमच्याकडची चेटकीण, जिला आम्ही जानारा म्हणतो, दारात झाडू दिसला की त्याच्या काड्या मोजत बसते आणि आत यायचं विसरते. माझा त्यावर विश्वास आहे असं नाही. पण झाडू काही महाग नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आता कुणी मला वेड्यात काढू नये. आज आरोग्य खात्याचे तपासनीस आले, आणि दारातच घसरून पडले! गुडघा सुजला. लिबेराने बर्फ लावला, कॉफी दिली, तरी त्यांनी शेरा मारलाच: प्रवेशद्वारी अज्ञात खडेदार पदार्थ, आणि अन्न शिजवण्याच्या जागेजवळ झाडू अयोग्य स्थितीत.

दिवसाढवळ्या धडधाकट सरकारी माणूस सपाट उंबऱ्यावर पडतो, याला काय म्हणायचं? मी मेनाला म्हटलं, "मीठ नसतं तर मानच मोडली असती."

 मेना हळू आवाजात म्हणाली, "कुठलं मीठ?"

मी दुकानात निघून आलो.

१५ मार्च, शुक्रवार

फुर्नो, माझं जुनं गिऱ्हाईक, आला होता. त्याच्या धाकटीचा चर्चमधला पहिला कम्युनियन मे महिन्यात आहे. चाळीस माणसांचं जेवण लिबेराकडे ठरलं होतं. पहिलं मोठं काम. पोरीने कोकरासाठी धनगराला सांगूनही ठेवलं होतं.

खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि डोळे मिटूनच म्हणाला, "मास्त्रो, माझं काही नाही हो. पण सासू ऐकेना. पोरीचा पवित्र दिवस, आणि 'वाईट आलं' म्हणणाऱ्या दारातून न्यायचं? जेवण दुसरीकडे ठरवलंय. लिबेराला तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "सासूला म्हणावं, अंधश्रद्धा बरी नव्हे."

फुर्नोने डोळे उघडले. "असं कसं म्हणू? ती तर तुमचंच नाव घेते. म्हणते, सख्खा बाप आत पाय ठेवत नाही, पायरीवर बसून जेवतो."

त्याची हजामत पूर्ण केली. 

लिबेराला सांगितलं नाही. मेनाने सांगितलं.

१७ मार्च, रविवार

यावर उपाय एकच, नाव बदलायचं. पण लिबेरा माझं ऐकत नाही. ती एकाच व्यक्तीचं ऐकते. एर्सिलियाबाई. शाळेत तिला लॅटिन शिकवायच्या, आता माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन कासवं पाळून राहतात. चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी वर गेलो.

"बाई, तुम्ही तिला समजवा. ते नाव अशुभ आहे, तुम्हीच शिकवलंत."

बाईंनी कासवापुढे कोशिंबिरीचं पान धरलं. "मी शिकवलं खरं. पण पोरं अर्धाच धडा घेऊन घरी जातात. बसा मास्त्रो. मला सांगा, रोमन यायच्या आधी इथे कोण होतं?"

"सॅम्नाइट."

"ते लॅटिन बोलायचे?"

"नसतील बोलत."

"नव्हतेच. त्यांची भाषा निराळी. मग ते स्वतःच्या गावाला लॅटिनमध्ये 'वाईट आलं' कशाला म्हणतील? कुणी आपल्या पोराचं नाव दगड्या ठेवतं, पण ते परक्याच्या भाषेत ठेवत नाही. शिवाय खाली किनाऱ्यावर ग्रीक होते. ते या गावाला मालोएइस किंवा तसंच काहीसं म्हणत असावेत. आता विभक्ती आठवा."

"मी न्हावी आहे, बाई."

"घर म्हणता, पण जाताना 'घराला' म्हणता ना? शब्दाचं शेपूट बदलतं. तसं 'मालोएइसला चाललो' म्हणताना ते व्हायचं मालोएन्ता. रोमन शिपायाच्या कानावर ते मालोएन्ता पडलं. त्याला ग्रीक येत नाही, सॅम्नाइटांची भाषा येत नाही. त्याला फक्त स्वतःची भाषा येते, आणि तीत 'माले' म्हणजे वाईट. झालं. घाबरला."

"मग मूळ अर्थ काय?"

"कुणी म्हणतं सफरचंदांचं गाव, कारण तिकडच्या ग्रीकांत मालोन म्हणजे सफरचंद. कुणी म्हणतं मेंढरांचं, शब्द जवळचाच आहे. कुणी म्हणतं त्याहून जुना, डोंगराचा शब्द. नक्की कुणालाच माहीत नाही."

"पण वाईट?"

"वाईट त्या नावात नव्हतं, मास्त्रो. वाईट ऐकणाऱ्याच्या कानात होतं. आणि त्याने ते सगळ्यांना सांगितलं."

मी जिने उतरताना विचार केला. बाई विद्वान आहेत, पण मुद्द्यावर येत नाहीत. मला एवढंच कळलं की रोमनांसारखे रोमनसुद्धा घाबरले. म्हणजे मी एकटा नाही.

१९ मार्च, मंगळवार

आज संत जोसेफचा दिवस, आमच्याकडे बापांचा दिवस. दुपारी लिबेरा दुकानात आली. हातात झेप्पोलेचा खोका, तिने स्वतः तळलेल्या, वर क्रीम आणि चेरी. खोका आरशापुढे ठेवला आणि रिकाम्या खुर्चीत बसली. पोम्पेओ आणि दुसरे दोघे बाकावर होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"पपा, मी सगळ्यांना विचारत गेले. भाजीवालीला कुणी सांगितलं, तर म्हणाली बारवाल्याने. बारवाल्याला कुणी, तर पोम्पेओने. पोम्पेओकाका, तुम्हाला कुणी सांगितलं?"

पोम्पेओने पेपर तोंडापुढे धरला. उलटा होता.

मी म्हटलं, "मी फक्त त्यालाच..."

"माहीत आहे." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुला माहीत आहे मी हे नाव का ठेवलं? ऑक्टोबरात मी स्टेशनवरून घरी आले, तेव्हा गल्लीतली प्रत्येक बाई म्हणत होती, अरेरे, परत आली बिचारी. हॉटेल गेलं, नवरा व्हायचा तोही गेला. वाईट आली. मला वाटलं, लोक म्हणतातच आहेत तर आपणच दारावर लिहू. हसतील, आत येतील, जेवतील, आणि जेवून जाताना तरी म्हणतील की चांगली आली." तिने नाक पुसलं. "बाईंच्या वर्गात मला तेच तर आवडायचं. नावातलं एक अक्षरही बदललं नव्हतं अजून, तेव्हाचं गाव."

पोम्पेओने पेपर खाली ठेवला.

"सोमवारी रंगारी येतोय. पाटी पुसतो आणि 'लिबेराकडे' लिहितो. तुझं समाधान. आणि बेर्गामोहून फोन आलाय, जुन्या बल्लवाचा. उन्हाळ्यापर्यंत बघते, नाही जमलं तर जाते." मग उठली, खोक्याकडे बोट करून म्हणाली, "आजच खा, क्रीम आहे."

२० मार्च, बुधवार

मी जिंकलो. नाव बदलणार.

झेप्पोले घशाखाली उतरल्या नाहीत. मेनाला म्हटलं, "क्रीम जरा आंबलंय का?"

ती म्हणाली, "क्रीम नाही आंबलेलं."

मग तीच म्हणाली, "नऊ वर्षं दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून काय मागायचास तू?"

मी काय मागायचो ते तिला माहीत आहे. मी मोठ्यानेच मागायचो.

२५ मार्च, सोमवार

सोमवारी न्हाव्यांची सुट्टी. सकाळी लवकर दाढी केली, स्वतःची, नीट. कोट घातला. त्रिज्जोत पोचलो तेव्हा रंगारी शिडी लावून वर चढला होता, हातात खरवडायची पट्टी. 'मा'चं एक टोक गेलं होतं.

मी म्हटलं, "खाली ये."

"मास्त्रो, तुमच्या पोरीनेच बोलावलंय."

"पोरीच्या बापाने परत पाठवलंय. आणि खाली येण्याआधी ते टोक रंगव."

तो रंगवत होता तेवढ्यात मी आत गेलो. पहिल्यांदा. पाटीखालून जाताना काय वाटलं ते लिहीत नाही. आत छान आहे. चुना मी मारलेला. खिडकीजवळच्या टेबलावर बसलो, जिथून गल्लीतल्या सगळ्यांना दिसतो. लिबेरा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि थबकली.

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी म्हटलं, "काय आहे आज?"

"चणे आणि लागाने."

"आण."

तिने चण्यांतला तो रुंद पट्ट्यांचा पास्ता वाढला. मी खाल्लं. तू वाईट आलेली नाहीस, असं म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "मीठ कमी आहे."

"तू सगळं उंबऱ्यावर ओतलंस ना," ती म्हणाली. मग हसू आवरेना तिला. मला रडू आवरेना, म्हणून मी रुमालात नाक शिंकरलं.

निकान्द्रो सिंकखाली होताच. त्याचे नुसते बूट दिसत होते. निघताना बाहेर आला. न्हाव्याची नजर आहे माझी, काही सुटत नाही. साध्या सोमवारी घोटून दाढी, केस विंचरलेले, कोलोनचा वास. नळ दुरुस्त करायला येताना असा कोण येतो? बहुधा मोरीचा वास लागू नये म्हणून.

३ एप्रिल, बुधवार

रोज एक वाजता दुकान बंद करून खिडकीतल्या टेबलावर जेवतो. लोक जाता येता पाहतात. मी काटा वर करून नमस्कार करतो.

सकाळी खुर्चीत जो बसेल त्याला सफरचंदांची गोष्ट सांगतो. साबण लावल्यावर माणूस उठून जाऊ शकत नाही. आज बाई जिन्यात थांबून ऐकत होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, "मास्त्रो, मी 'कदाचित' म्हटलं होतं. तुमच्या गोष्टीत आता सफरचंदांच्या बागा आहेत, आणि एक राजकन्याही आली."

"बाई, वस्तरा गळ्यावर असताना 'कदाचित' चालत नाही."

"निदान राजकन्या काढा."

राजकन्या काढली.

१२ एप्रिल, शुक्रवार

पोम्पेओ आला जेवायला. दारात उभा राहून इकडेतिकडे पाहिलं, मग नाक धरून पाण्यात उडी मारावी तसा आत शिरला. दोनदा वाढून घेतलं. मी म्हटलं, "आता जाऊन बारमध्ये सांग." म्हणाला, "ते सांगायला लागतं का?"

२३ एप्रिल, मंगळवार

ईस्टरला सगळी टेबलं भरली. बेर्गामोचा पुन्हा फोन आला, ती बोलत असताना मी तिथेच होतो. "आत्ता जमणार नाही, कोकरू चुलीवर आहे" म्हणाली आणि ठेवून दिला. म्हणजे नाही म्हणाली की फक्त कोकराचं सांगितलं? मेनाला विचारलं. मेना म्हणाली, "दोन्ही."

फुर्नो मात्र आला नाही. त्याच्या पोरीचं जेवण दुसरीकडेच आहे. असो.

३० एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते या हातून कधी झालं नव्हतं.

दुपारी निकान्द्रो दुकानात आला. पहिल्यांदाच. म्हणाला, "दाढी." तोंड पांढरंफटक. मला वाटलं आजारी आहे. साबण लावला, वस्तरा परजला, गळ्यापाशी आलो, तेवढ्यात म्हणतो, "मास्त्रो, एक विचारायचं होतं."

"पाइपाचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की तुला तुझं काम येत नाही. तीन महिने एक नळ?"

"पाइप पहिल्या वेळीच ठीक झाला होता, मास्त्रो."

"मग गळतो कसा?"

"नट कुणीतरी सैल करून ठेवतं. मी नाही." कान लालबुंद झाले. "मला लिबेराशी लग्न करायचंय. तिचा होकार आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय नको म्हणाली."

वस्तरा चुकला. हनुवटीखाली एवढीशी रेघ, पण रक्त आलं. मी तुरटी लावत होतो आणि तो माझाच हात धरून म्हणत होता, "काही नाही, मास्त्रो, काही नाही, सवय आहे." कसली सवय, कुणास ठाऊक.

मी म्हटलं, "माझा चेहरा आता मास्त्रोसारखा दिसतोय का?"

"नाही."

"मग पपा म्हण."

दुकान बंद केलं आणि थेट घरी गेलो. मेना मटार सोलत होती. सांगितलं. तिने मान वर केली नाही. "फेब्रुवारीपासून वाट बघतेय, तुला कधी कळतं."

तो नट कोण सैल करतं ते मात्र अजून कळलेलं नाही. जुनं बांधकाम आहे.

९ जून, रविवार

साखरपुड्याचं जेवण झालं. जागा आहे तोवर लिहून टाकतो, पाय दुखतायत.

जेवण मालेव्हेंतुममध्येच करायचं, हे मी ठरवलं. निकान्द्रोची आत्या रेस्तितुता तयार नव्हती. आई लहानपणी गेली, आत्याने वाढवलेला. तिचा शब्द म्हणजे शब्द. तिने निरोप पाठवला होता: "पोराचं नवं आयुष्य, आणि असल्या नावाखाली?" मी उलट निरोप पाठवला की मुलीच्या बापाचीही एक अट असते. शेवटी आली. काळे कपडे, हातात जपमाळ, बसली दाराजवळ, पळता यावं म्हणून.

टेबलं गल्लीत मांडली होती. अर्धं त्रिज्जो जमलं. बाईही आल्या. कोकरू झालं, वाइन फिरत होती, पोम्पेओ गाणं म्हणायच्या बेतात होता. तेवढ्यात कालोरे नदीकडून वारा सुटला. आमच्याकडचा वारा सांगून येत नाही. टेबलक्लॉथ उडाले, पेले पडले, आणि एक खिळा निसटून पाटी एका बाजूने लोंबली. मग दुसराही निसटला. पाटी धाडकन खाली, आत्याच्या खुर्चीपासून दोन हातांवर.

कुणाला लागलं नाही. पण सगळ्यांचे हात टेबलाखाली गेले. आत्या उठून उभी राहिली. "मी म्हटलं नव्हतं? चल निकान्द्रो."

निकान्द्रो हलला नाही. लिबेराचा चेहरा मला पाहवेना. ऑक्टोबरात स्टेशनवरून चालत आली असेल तेव्हाचा असावा तो. मी तेव्हा दुकानात होतो. आणायलासुद्धा गेलो नव्हतो.

मी शेजारच्याची शिडी मागून घेतली. पाटी काखेत मारली, खिळे ओठांत धरले आणि चढलो. मेना खालून, "पेल्लेग्रिनो, तुझा रक्तदाब!" निकान्द्रो धावत आला, शिडी धरली.

आत्या म्हणाली, "मास्त्रो, देवाच्या इशाऱ्यावर खिळे ठोकताय. त्या नावाचा अर्थ तरी माहीत आहे का तुम्हाला?"

मी खिळे हातात घेतले. बाई खालून माझ्याकडेच पाहत होत्या, म्हणून राजकन्या नाही, बागा नाहीत.

"नाही," मी म्हटलं. "सफरचंद असेल, मेंढरू असेल, डोंगर असेल. शिकलेल्यांनाही नक्की माहीत नाही. रोमनांना वाईट ऐकू आलं, मलाही आलं, आणि मी ते गावभर सांगत फिरलो. वारा आला, पाटी पडली, कारण खिळे आखूड होते. ते रंगाऱ्याने मारलेत, देवाने नाही. आणि रेस्तितुताबाई, मला एवढंच माहीत आहे की माझी पोरगी परत आली, ते चांगलं झालं. आमच्या घरात इतकं चांगलं कुणीच कधी आलं नव्हतं. आता बसा. अजून केक यायचाय."

इतकं लांब मी वस्तरा हातात नसताना कधी बोललो नव्हतो.

आत्या उभीच होती. मग तिने शिडीकडे पाहिलं, शिडी धरून उभ्या असलेल्या आपल्या पोराकडे पाहिलं, आणि खुर्ची दारापासून जरा आत ओढून बसली. म्हणाली, "केक कसला आहे?"

मी ठोकायला लागलो. लांब खिळे, चार. लिबेरा गल्लीच्या मधोमध उभी राहून, डोळे पुसत, सांगत होती.

"पपा, डावीकडून जरा वर."

"आता?"

"अजून जरा."

"आता?"

"झालं. उतर खाली, जेवण गार होतंय तुझं."